निवळलेलं पाणी

माझा गाळाचा पहिला रिपोर्ट एका बादलीने खाल्ला.

एम.एस्सी.चं दुसरं वर्ष होतं. केव्हाच बंद पडलेल्या एका शिसं-जस्ताच्या खाणीखालून वाहणाऱ्या लहानशा नदीतून गाळाचे नमुने आणायचे होते. थंडगार पाण्यात गुडघाभर उभं राहून, वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला करून मी ते आणले. वाळवले, चाळले, आम्लात शिजवले, यंत्राला खाऊ घातले. आकडे आले आणि मी हरखलेच. जस्तच जस्त! खाणीच्या खालच्या अंगाला ते असणारच होतं. पण खाणीच्या वरच्या अंगालाही, जिथे असायचं काही कारण नव्हतं, तिथेही भरपूर. आजवर कुणाच्या लक्षात न आलेलं काहीतरी आपल्या हाती लागलं, अशा थाटात मी सरांच्या टेबलावर कागद ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा काढून म्हणाले, "नमुने गोळा कशात केलेस?"

"बादलीत."

"बादली कसली होती गं?"

बादली पत्र्याची होती. लोखंडी पत्रा आणि त्यावर जस्ताचा मुलामा. ओला, वाळूमिश्रित गाळ तिच्यात दिवसभर हिंदकळला होता आणि तळ घासून निघाला होता. "म्हणजे तू नदी मोजलीच नाहीस, बादली मोजलीस," सर म्हणाले आणि चष्मा परत लावून दुसऱ्या कामाला लागले. त्यानंतर प्लॅस्टिकचं खोरं, प्लॅस्टिकचा डबा, नायलॉनची चाळणी. पितळी चाळणीसुद्धा नाही, कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच की.

हा फजितीचा किस्सा मी नवीन मुलांना हटकून सांगते. पण मला त्यातली दुसरीच एक गोष्ट जास्त आठवते. संध्याकाळी गाडीत ठेवायच्या आधी त्या बादलीत डोकावले होते. गाळ खाली बसला होता आणि वर वीतभर पाणी अगदी आरशासारखं निवळलं होतं. इतकं स्वच्छ, की त्यात माझा दमलेला चेहरा दिसत होता.

निवळणं हा आपल्या भाषेतला मोठा दिलासा देणारा शब्द आहे. आभाळ निवळतं, वातावरण निवळतं, भांडण निवळतं, प्रकरण निवळतं. निवळलं म्हणजे मिटलं, आता काळजी नको. खाणीखालच्या नदीत उतरल्यापासून मात्र मला या शब्दाचा भरवसा वाटेनासा झाला. पाणी निवळतं तेव्हा काहीच मिटलेलं नसतं. पाण्याने आपल्याजवळचं ओझं खाली ठेवलेलं असतं, एवढंच.

हे ओझं येतं कुठून? शिसं, जस्त, तांबं ही मंडळी खडकात बहुतेक वेळा गंधकाला धरून बसलेली असतात. त्यांच्या शेजाराला अनेकदा पायराइट असतं, लोखंड आणि गंधकाचं ते चमकदार पिवळं खनिज, ज्याने सोन्याच्या लोभात कित्येकांना फसवलं. जमिनीखाली, हवेपासून दूर, ते लाखो वर्षं गप्प पडून राहतं. खाण खणली की आत हवा शिरते, पाणी शिरतं आणि पायराइटपासून सल्फ्युरिक आम्ल तयार व्हायला लागतं. नुसत्या हवेच्या भरवशावर हे काम फार रेंगाळलं असतं; पण लोखंडावर गुजराण करणारे काही जिवाणू आहेत, ते त्याला भलताच वेग देतात. मग ते आम्ल आजूबाजूच्या खडकातून धातू ओढून घेतं. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन या खाणीत सामू उणे 3.6 असलेलं पाणी सापडलं आहे. सामूची पट्टी 0 ते 14 एवढीच असते असं शाळेत शिकलेल्या माणसाला हा आकडा छपाईची चूक वाटेल. मलाही वाटला होता.

खाण चालू असते तोवर पंप पाणी उपसत राहतात. खाण बंद झाली की पंप थांबतात, पाणी चढत जातं आणि एक दिवस कुठल्यातरी जुन्या बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडतं. म्हणजे कागदोपत्री ज्या दिवशी खाण संपते, त्या दिवसापासून नदीच्या दृष्टीने तिचा दुसरा अध्याय सुरू होतो.

हे पाणी नदीला मिळालं की त्याचा आंबटपणा कमी होतो आणि विरघळलेल्या लोखंडाचा नारिंगी साका धरतो. दगडांवर तो शेवाळासारखा चढतो, बोट लावलं तर जेलीसारखा लिबलिबीत लागतो. या गंजाच्या कणांना इतर धातूंची विलक्षण ओढ असते. शिसं आणि आर्सेनिक त्यांना चटकन चिकटतात. जस्त आणि कॅडमियम जरा हट्टी आहेत, आंबटपणा पुरता गेल्याशिवाय पाण्याची साथ सोडत नाहीत, म्हणून खूप खालपर्यंत जातात. पण आज ना उद्या बहुतेकांचा मुक्काम तळाशी.

5 ऑगस्ट 2015 रोजी कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग या बंद खाणीच्या तोंडाशी काम चालू असताना आत तुंबलेलं पाणी फुटून बाहेर आलं. सुमारे 30 लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरहून जास्त. एका ओढ्यातून ते ॲनिमास नदीत उतरलं आणि नदी नारिंगी झाली. त्या रंगीत पाण्यात कयाक घेऊन बसलेल्या माणसांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. जगभर फिरला तो. काही दिवसांत पाणी निवळलं. बातमीही निवळली. पण त्याच डोंगरांमध्ये शेकडो जुन्या खाणी आहेत आणि त्यांतल्या अनेकींतून धातूंचं पाणी त्याआधीही झिरपत होतं, त्यानंतरही झिरपत राहिलं. फक्त ते रंगाने बोंब मारत नव्हतं.

झिरपणारं पाणी ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी सरळसरळ दगडाची आहे. खडक फोडायचा, कुटायचा, पाण्याने धुवायचा. जड कण ठेवून घ्यायचे, हलके सोडून द्यायचे. सोडून द्यायच्या चुऱ्याला टेलिंग्ज म्हणतात आणि सोडून द्यायची जागा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नदी. फुकटात माल वाहून नेणारी, तक्रार न करणारी. तक्रार माणसं करत होती. जॉर्ज अग्रिकोला या जर्मन वैद्याचा खाणकामावरचा ग्रंथ 1556 मध्ये, तो वारल्यावर काही महिन्यांनी प्रसिद्ध झाला. त्यात त्याने खाणींच्या विरोधकांचं म्हणणं नोंदवून ठेवलंय: धातुक धुतलेलं पाणी ओढ्यांत विष कालवतं आणि मासे मरतात, नाहीतर पळून जातात. अग्रिकोला स्वतः खाणींच्या बाजूचा, त्याने पुढे या आक्षेपांना उत्तरंही दिली आहेत. पण आक्षेप लिहून ठेवण्याइतका प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

जुन्या काळची ही धुलाई इतकी ढिली होती की बराच धातू चुऱ्यातच राहून जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खनिजाचे कण फेसावर तरंगवून वेगळे काढायची पद्धत रुळली आणि वाया जाणारा धातू कमी झाला. छानच. मात्र त्यासाठी खडक पिठासारखा दळावा लागे आणि पीठ भरड्यापेक्षा फार लांब वाहून जातं. सुधारणेने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, ते असं.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात कोर दलेन नदीच्या खोऱ्यात 1880च्या दशकापासून खाणी चालल्या आणि 1968 पर्यंत टेलिंग्ज नदीत सोडणं चालू राहिलं. खालच्या अंगाला सपाट, दलदलीचं मैदान आहे. स्थलांतराच्या वाटेवर टुंड्रा हंस तिथे उतरतात. हंस मान पाण्यात बुडवून तळातली कंदमुळं उकरून खातो आणि मुळांबरोबर गाळही गिळतो. त्या गाळात शिसं. शिशाने हंसाच्या अन्ननलिकेचे स्नायू लुळे पडतात, खाल्लेलं खाली सरकत नाही. गळ्यात घास भरलेला असतानाच पक्षी भुकेने मरतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका शवविच्छेदनाच्या फोटोत ती फुगलेली अन्ननलिका होती. वरच्या फोटोत पाणी होतं, निळंशार.

गाळ कुठे साठतो हे कळायला विज्ञान लागत नाही, नदीकाठी बसायची सवय पुरते. वळणाच्या आतल्या अंगाला, डोहात, पुराचं पाणी पसरून थबकतं तिथे. आणि धरणामागे. माँटानातल्या क्लार्क फोर्क नदीवर मिलटाउन इथे 1908 मध्ये एक धरण झालं. वर, सुमारे 190 किलोमीटरवर, ब्यूट आणि ॲनाकाँडाचा तांब्याचा प्रदेश. सगळ्या जगाला तेव्हा विजेच्या तारांसाठी तांबं हवं होतं. त्याच वर्षी, 1908च्या उन्हाळ्यात, नदीला प्रचंड पूर आला आणि वरचे टेलिंग्ज धुऊन खाली आले. नवं कोरं धरण आणि पहिल्याच वर्षी पोटात खाणीचा चुरा! पुढे वर्षानुवर्षं त्यात भर पडत गेली. धरण वीज देत राहिलं, पाणी निवळून पुढे जात राहिलं. 1981 मध्ये धरणाकाठच्या वस्तीच्या विहिरींमध्ये आर्सेनिक सापडलं.

इथे गाळाचा एक गुण समजून घ्यायला हवा, नाहीतर आर्सेनिक अचानक कुठून उगवलं ते कळत नाही. गंजाचे कण आर्सेनिकला धरून ठेवतात, पण हवा मिळते तोवरच. थरावर थर चढून ते खोल गाडले गेले की हवा संपते, तिथले जिवाणू श्वासासाठी तो गंजच वापरायला लागतात आणि गंज विरघळतो. धरणारा गेला, धरलेलं सुटलं. ते भूजलात उतरलं आणि विहिरीत आलं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण संशयाने म्हणतो. इथे ते अक्षरशः मुरत होतं.

शेवटी मार्च 2008 मध्ये ते धरण फोडलं. सगळ्यात घातक गाळ उपसून आगगाडीच्या वाघिणींत भरायचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. आणि नेला कुठे? वर, ॲनाकाँडाजवळच्या टेलिंग्जच्या जुन्या तळ्यांवर. जिथून निघाला त्याच्या आसपास. शंभर वर्षांपूर्वी पुराने फुकट खाली आणलेली माती पैसे मोजून, तिकीट काढल्यासारखी, रेल्वेने परत गेली. ज्या गावाशेजारी ती टाकली त्याचं नाव ऑपॉर्च्युनिटी. म्हणजे संधी. हे मी रचलेलं नाही.

धरणामागचा गाळ निदान एका जागी तरी असतो. काठांवर पसरलेल्या गाळाचं काय? पश्चिम वेल्समधल्या शिशाच्या खाणी बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, काही विसाव्याच्या सुरुवातीला बंद पडल्या. जून 2012 मध्ये तिथे मोठा पूर आला. नद्यांनी आपलेच जुने काठ खरवडले आणि त्यातला चुरा कुरणांवर नेऊन पसरला. पूर ओसरला. गवत कापून मुरघास केला. तो खाऊन गुरं शिशाच्या विषबाधेने दगावली. ज्या खाणीत काम केलेला माणूस आज हयात नाही, त्या खाणीने गाय मारली.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात धातूंच्या 22,609 चालू खाणी आणि 1,59,735 बंद खाणी मोजल्या होत्या. चालूंच्या सातपट बंद. वाहून आलेल्या चुऱ्याने बाधित झालेल्या पूरमैदानांवर राहणाऱ्या माणसांची संख्या त्यांनी सुमारे 2 कोटी 30 लाख धरली आहे. आपण चर्चा करतो ती सहसा फुटलेल्या बांधांची, कारण त्याला तारीख असते, फोटो असतो. वाहून खाली आलेल्या खाणीला तारीख नसते.

बरं, गाळात धातू सापडला म्हणजे तो खाणीचाच, असंही नाही. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. आमच्या धंद्यात नेमकं तेच विचारावं लागतं. जिथे खाण निघते तिथल्या खडकात मुळातच धातू जास्त असतो. म्हणजे पहिली कुदळ पडायच्या आधीही नदी थोडं शिसं वाहून आणतच होती. तो मूळचा आकडा माहीत नसेल तर खाणीच्या माथी भलतंच खापर फोडाल, किंवा उलट, "इथलं आधीपासून असंच आहे" म्हणणाऱ्याला मोकळं सोडाल. म्हणून खोल थरांपर्यंत जायचं, खाणीच्या आधीच्या. म्हणून शिशाच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं, प्रमाण बघायचं, जे प्रत्येक खनिजसाठ्याच्या वयाप्रमाणे आणि घडणीप्रमाणे बदलतं, आणि बऱ्याचदा सांगतं की हे शिसं कोणत्या घरचं.

शिवाय सगळा गाळ एकाच पारड्यात तोलता येत नाही. हातमोजे घालून चिमूटभर गाळ दोन बोटांत चोळला की वाळू करकरते, पोयटा पिठासारखा लागतो आणि चिकणमाती साबणासारखी सरकते. धातू या शेवटच्या दोघांना धरून असतो. तेवढ्याच वजनात बारीक कणांचं अंग कितीतरी जास्त, त्यामुळे चिकटायला जागा जास्त. म्हणून 63 मायक्रॉनच्या जाळीतून गाळून खाली पडेल तेच मोजायची रीत आहे. नाहीतर एका ठिकाणी वाळू जास्त आणि दुसरीकडे चिखल जास्त, एवढ्यावरून पहिली जागा निर्मळ ठरायची.

आणि आकडा आला तरी निकाल लागत नाही. किलोभर गाळात 128 मिलिग्रॅमहून जास्त शिसं असेल तर तळातल्या जिवांना बहुधा अपाय होतो, असा एक सर्वसाधारण मापदंड 2000 साली मांडला गेला आणि खूप वापरला जातो. पण त्या शिशाला बेड्या कसल्या आहेत, तेही पाहायला हवं. मातीच्या कणावर नुसतं टेकलेलं शिसं, गंजात अडकलेलं शिसं आणि खडकाच्या स्फटिकात चिणलेलं शिसं, यंत्रात तिघांचा आकडा सारखाच येतो. अळीच्या पोटात मात्र पहिलं आधी सुटतं, तिसरं बहुधा कधीच सुटत नाही. 1979 मध्ये तेसिये आणि सहकाऱ्यांनी गाळाला पाच टप्प्यांत वाढत्या तीव्रतेची रसायनं पाजून धातू किती सैल आणि किती घट्ट हे काढायची पद्धत दिली. मी ती केली आहे. फार कंटाळवाणी. सेंट्रिफ्यूजपाशी उभं राहून पाय भरून येतात.

जपानच्या तोयामा भागातल्या जिन्झू नदीच्या काठी मात्र मोजायला कुणी नव्हतं तेव्हाच माणसांची हाडं मोडायला लागली होती. वरच्या कामिओका खाणीतलं कॅडमियम नदीतून भाताच्या खाचरांत गेलं, खाचरातून तांदळात, तांदळातून मूत्रपिंडात. हाडं मऊ पडत, खोकल्यानेही मोडत. बहुतेक रुग्ण मुलंबाळं झालेल्या प्रौढ बायका. त्यांच्या कण्हण्यावरूनच आजाराला इताइ-इताइ नाव पडलं. अर्थ सरळ आहे: दुखतंय, दुखतंय. 1968 मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणाने झालेला आजार असल्याचं मान्य केलं. खाचरांची माती बदलण्याचं, गाडण्याचं काम 2012 पर्यंत चाललं. नदीचं पाणी त्याच्या कितीतरी आधी निवळलेलं होतं.

मग सगळा गाळ उपसूनच का टाकू नये? हा प्रश्न मला प्रत्येक भाषणानंतर विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर सोप्या उत्तराची अपेक्षा असते. जुनी मढी उकरू नयेत म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. त्यात बहुधा कुणाची तरी सोय असते. पण गाळाच्या बाबतीत हा प्रश्न तितका सोपा नाही, हे मला एका नळीने शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी एका नव्या विद्यार्थिनीबरोबर त्याच जुन्या नदीच्या डोहात कोअर काढायला गेले होते. पारदर्शक नळी गाळात दाबत न्यायची, वरून रबरी बूच मारायचं आणि श्वास धरून वर ओढायची. चुकलं तर सगळं सरकन खाली घसरतं. त्या दिवशी एका झटक्यात दीड हात गाळ अखंड वर आला. माथ्यावर नखाएवढा तपकिरी थर. त्याखाली काजळासारखा काळा. मग मध्येच, दोन्हीकडून धारदार कडा असलेला, बोटभर जाडीचा राखी पट्टा. कुठल्यातरी एका पुराने एका रात्रीत टाकलेला खाणीचा चुरा. तिने नळी उन्हात तिरपी धरली तेव्हा त्या पट्ट्यात बारीक कण लुकलुकले.

लॅबमध्ये नळी उभी चिरून दोन फाका केल्या. सडक्या अंड्याचा वास खोलीभर झाला. तो वास येतो तोवर ठीक असतं. त्या काळ्या थरात गंधकाने जस्ताला, कॅडमियमला, शिशाला घट्ट बांधून ठेवलेलं असतं. हवा लागली की ती गाठ सुटायला लागते. त्यामुळे एक फाक ताबडतोब नायट्रोजन भरलेल्या पिशवीत घालायची असते आणि दुसरी फोटो काढायला बाहेर.

ती फोटो काढत होती. काढता काढता थांबली. काळा रंग कडेकडेने विटत होता. पाहता पाहता तपकिरी छटा आत सरकत आली, आधी वरून, मग काचेच्या बाजूने, राखी पट्ट्यापर्यंत.

"मॅम, मग हा उपसला तर सुटणार आणि तिथेच ठेवला तर पुढच्या पुरात जाणार," ती म्हणाली. "करायचं काय?"

दुसरी फाक अजून टेबलावरच होती.

"आधी ती पिशवीत घाल," मी म्हणाले.